पाठीवरची गादी आणि अर्धा शेर कापूस

अंक काढणारे भाऊ घरी आले आणि म्हणाले, "हसनभाऊ, दिवाळी अंकाला तुमच्या धंद्याचे अनुभव द्या." मला पहिला संशय आला तो असा, की याला जुनी गादी फुकट भरून घ्यायची आहे. दोन कप चहा झाला तरी गादीचं नाव काढेना, तेव्हा संशय आणखी वाढला. शेवटी म्हणालो, भाऊ, मला अक्षर येत नाही, सहीच्या जागी अंगठा लावतो, आणि तोसुद्धा एकदा उलट्या कागदावर लावला होता. ते म्हणाले, तुम्ही बोला, कुणीतरी लिहून घेईल. म्हणून मी बोलतोय आणि माझी सून लिहितेय. ती सातवी पास आहे. मी बोललो तेच लिहिते की मनाचं घालते, हे मला कळायला मार्ग नाही. वाचून दाखवते तेव्हा बरोबर असतं. पण वाचून दाखवणारीही तीच.

तर मी पिंजारी. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांतून खांद्यावर पिंजण घेऊन फिरलो. आता यंत्रं आली, नव्या पोरांना पिंजण माहीत नाही, म्हणून सांगतो. माणसाएवढं लाकडी धनुष्य, त्याला दोरीच्या जागी आतड्याची ताणलेली तात. ती तात कापसात धरायची आणि लाकडी ठोकळ्यानं हाणायची. तात थरथरते, ट्यांव ट्यांव वाजते, कापसाच्या गाठी सुटतात, कचरा खाली पडतो आणि दबून दगड झालेला कापूस पुन्हा ढगासारखा फुलतो. मग खोळीत भरायचा, काठीनं सारखा करायचा, टाके घालायचे. झाली गादी.

यात कापूस गिऱ्हाइकाचा, अंगणही गिऱ्हाइकाचं. आमचे फक्त हात. म्हणून सगळ्यांची नजर हातावर. आमच्या धंद्याची रीत अशी, की कापूस आधी तोलून द्यायचा, पिंजल्यावर तोलून घ्यायचा, आणि मधल्या वेळात घरातलं एक म्हातारं माणूस राखणीला बसवायचं. धूळ उडते, कचरा पडतो, वजन कमी भरतं. त्याला आम्ही घट म्हणतो. गिऱ्हाईक तिला दुसरं नाव देतं. किलो येऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत अजून शेरच चालायचा, कारण शेरात चोरी लवकर कळते अशी बायकांची खात्री होती.

एका मोठ्या शेठाणीकडची गोष्ट. घराचं नाव सांगत नाही. मारवाडातून आलेली, पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी करणारी घरं धुळ्यात पुष्कळ आहेत, त्यातलं एक. शेठाणी म्हणजे तराजूला साडी नेसवलेली. त्यांच्या सासूबाईंना सगळी गल्ली माजी म्हणायची. नवरा गेल्यावर माजींनी नेम घेतला होता, की पुन्हा गादीवर अंग टाकायचं नाही. बारा वर्षं फरशीवर नुसती चटई. सणावाराला बायका येऊन त्यांच्या पाया पडायच्या. तर राखणीला या माजी. ओट्यावर पाट टाकून बसायच्या आणि सारख्या हलायच्या, घडीत या कुशीवर, घडीत त्या कुशीवर. मी समजायचो, म्हातारी माझ्यावर दोन्ही बाजूंनी नजर ठेवतेय. मीही मग दोन्ही हात लांब करून काम करायचो. त्यात एकदा ठोकळा माझ्याच गुडघ्यावर बसला.

चार गाद्यांचा कापूस पिंजून झाला. शेठाणींनी तोलला. परत तोलला.

"पिंजारी, अर्धा शेर कुठं गेला?"

"घट असते, शेठाणी."

"घट मी धरली. घट सोडून अर्धा शेर."

मी माजींकडे पाहिलं. म्हटलं, माजी, तुम्ही तर समोर होत्या. माजी खाली फरशीकडे बघत म्हणाल्या, "मी तर डोळा लवू दिला नाही." झालं. आता बोलायला जागाच राहिली नाही. मी माझी मीच झडती घेतली. टोपी झटकली, बंडी काढली. दाढीतून चिमूटभर कापूस निघाला, तो परत दिला. त्यानं प्रकरण आणखी बिघडलं, कारण शेठाणी सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या, की दाढीतून माल काढताना पकडला.

खरं सांगू? घरी जाईपर्यंत मलाच वाटायला लागलं, की आपण नेला असेल आणि आपल्यालाच माहीत नसेल. बायकोला म्हटलं, बघ गं, माझ्याकडे कुठं कापूस आहे का. ती म्हणाली, "नेलं ऱ्हातं तं घरमा एक उशी तरी ऱ्हाती!"

दुसऱ्या दिवसापासून त्या गल्लीत माझी तात वाजली की दारं लागायची. गाद्यांचं काम थंडी पडायच्या आधी, आणि ते सगळं त्या गल्लीत. तिथं पाऊल बंद झालं म्हणजे माझा हिवाळा गेला. आणि पिंजाऱ्याकडे हात आणि नाव सोडून तिसरं काही नसतं. हात होते.

अशात एक दिवस नदीपलीकडच्या देवपुरातून देवरे सर आले. कॉलेजात भूगोल शिकवायचे. सायकलवर एक जुनी गादी बांधून आणलेली. माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "हसनभाई, यातून पाठीवर नेता येईल अशी लहान गादी करा. कापूस जितका कमी घालता येईल तितका घाला. उरलेला तुम्हीच ठेवून घ्या."

मी सरांच्या मागे बघितलं. शेठाणी कुठं लपल्यात का. कारण इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला कापूस कमी घाल म्हटलं नव्हतं, आणि 'ठेवून घे' तर माझ्या सासऱ्यानंही म्हटलं नव्हतं.

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

पाठवलेला माणूस हेच म्हणणार.

"ही गादी घेऊन जाणार कुठं?"

"लळिंगच्या किल्ल्यावर. मुलांना डोंगर दाखवायला नेतो. एक मुक्काम असतो."

"तुम्हाला घर नाही?"

"आहे ना, देवपुरात."

"पलंग?"

"आहे."

"बायको?"

"आहे की."

"मग दगडावर काय म्हणून झोपता?"

सर हसले. हसणारा माणूस मला कधीच भरवशाचा वाटला नाही, कारण मी स्वतः फार हसतो. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "किल्लावर गुप्तधन शे. जाताना हलकं न्यायचं, येताना जड आनायचं. डोकं चालव." मला ते पटलं नाही. मला पक्कं ठाऊक होतं, की हा शेठाणींचा माणूस आहे. उरलेला कापूस मी ठेवला, की तराजू घेऊन हजर.

मग मी माझ्या हिशेबानं हुशारी केली. सरांच्या मापाची लहान खोळ शिवली आणि मोठ्या गादीतला सगळाच्या सगळा कापूस पिंजून तिच्यात भरला. गुडघ्यानं दाबून, काठीनं ठासून, वरून बसून. शेवटचा पुंजका शिरेना तो बायकोनं लाथ मारून शिरवला. ती गादी दिसायला लहान, पण भिंतीला टेकवली तर भिंतीनं मागे सरावं अशी. सर बसच्या घाईत आले, पाठीवर घेतली आणि दोन पावलं मागेच गेले. तरी आभार मानून बसकडे पळाले. सभ्य माणूस.

सोमवारी परत आले. एका बाजूला वाकून चालत होते. गादी सायकलवर होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. किल्ल्यावर दव पडलं, ते सगळं कापसानं पिऊन घेतलं. "हसनभाई," सर म्हणाले, "मी सांगितलं काय, तुम्ही केलं काय? येताना चार मुलांनी प्रेतासारखी धरून खाली आणली."

मी ताठ उभा राहिलो. "सर, गुंजभर कमी नाही. तोलून घ्या."

"अहो, मला कमीच पाहिजे होता!"

"असं शेठाणींना सांगा."

"कोण शेठाणी?"

त्यांनी ते इतकं गोंधळून विचारलं, की माझा संशय तिथंच गळून पडला. मी सगळी हकिगत सांगितली. सर ओली गादी खाली टाकून तिच्यावर बसून हसले, मग उठले, मग विजारीला मागून हात लावून पुन्हा हसले. आणि म्हणाले, "चला, शिकवतो तुम्हाला." मी म्हटलं, सर, या वयात अक्षर नको. ते म्हणाले, "झोपायला शिकवतो."

आमच्या दारासमोर रस्त्याच्या कामाची खडी पडलेली होती. सर म्हणाले, यावर आडवे व्हा. भर दुपारी, बाजाराचा दिवस. मी झालो.

"कुठं बोचतं?"

"कमरेच्या हाडाला."

"आणखी?"

"खांद्याला. आणि सर, लोक बघतात तिथंही बोचतंय."

"पोटऱ्यांना?"

मी नीट लक्ष दिलं. पोटऱ्यांना काहीच बोचत नव्हतं.

"मग पोटऱ्यांखालचा कापूस डोंगरावर कशाला वाहून न्यायचा?"

मी खडीवरच पडून राहिलो. पंचवीस वर्षं मी डोक्यापासून पायापर्यंत सारखा कापूस भरत आलो होतो. माणसाचं अंग गादीला फक्त दोन-तीन जागी टेकतं, हे मला खडीनं सांगितलं. धंदा मी शिकलो होतो, पण अंग कधी विचारलं नव्हतं.

मग मला खूळ लागलं. आधी सावद्याला गेलो. तिथल्या एका केळीवाल्या आबांच्या गाद्या मी भरायचो. केळीची वाळलेली पानं फुलासारखी हलकी, म्हटलं तीच भरून बघू. आबा म्हणाले, "अरे हसन, हे तं आम्ही घडाखाली आथरतो. तू मास्तरले केळ समजून राह्यला का?" तरी आणली. कूस बदलली की पापड मोडल्यासारखा आवाज, आणि तिसऱ्या दिवशी मुंग्यांनी घर केलं. मग जळगावला नवा फोम आला होता, तो आणला. तोही हलका, पण गुंडाळला तर पिंपाएवढा होतो, आणि अंग टाकलं की कमरेखाली पार तळाला जातो. दाबला की दबतो, सोडला की वर येतो. असल्या स्वभावाची माणसंही मला आवडत नाहीत.

शेवटी काटेसावर. उन्हाळ्याच्या तोंडाला सावरीची बोंडं फुटतात, त्यातून रेशमासारखा कापूस निघतो. आम्ही तो उशांत भरतो. याला तात लावायची नाही, तात लावली की तुटून भुगा होतो. खोलीचं दार बंद करायचं, नाकाला फडकं बांधायचं आणि वेताच्या छडीनं हलक्या हातानं झोडायचा. मी फडकं बांधायला विसरलो आणि दोन दिवस शिंकलो, ते वेगळं. बादलीत पाणी घेऊन तिन्ही टाकून बघितले. आपला कापूस पाणी पिऊन बुडाला, फोम पाणी पिऊन बुडाला. सावर वर तरंगत राहिली, जशी काही पाण्याशी ओळखच नाही.

सावरीची गादी शिवली. लांबी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, पोटऱ्यांना काही नाही. जाडी दीड बोट, पण कमरेखाली आणि खांद्याखाली अडीच. वर मांजरपाट, खाली मेणकापड, म्हणजे जमिनीची ओल वर येत नाही. टाके वीत-वीत सोडून नाहीत, चार-चार बोटांवर, नाहीतर सावर सरकून एका कोपऱ्यात जमते. उशी वेगळी नको, अंगातला सदरा काढून घडी करायची. ही गादी पांझरा नदीच्या गोट्यांवर टाकून दुपारभर झोपून बघितलं. धुणं धुणाऱ्या बायका म्हणाल्या, "बायकोनी काढी दिन्हा वाटस." मी म्हटलं, बायकोनं घरातून काढलं नाही, कॉलेजचं काम आहे. त्यावर त्या इतक्या हसल्या, की एकीचं लुगडं वाहून जाता जाता राहिलं.

तुम्हाला कधी डोंगरात झोपायचं खूळ लागलं, तर एवढं करा. दुकानात गादी हातानं दाबू नका, हात खोटं बोलतो. जमिनीवर टाका, कुशीवर आडवे व्हा आणि कमरेच्या हाडाला विचारा. हाड म्हणालं फरशी लागते, तर सोडा. लागत नाही म्हणालं, तर गुंडाळून पाठीवर घ्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. टोकाला पोचेपर्यंत जी गादी विसरायला होते ती घ्या.

सरांची गादी शेराच्या आत भरली. ते किल्ल्यावर जाऊन आले, सरळ चालत. आता माझ्याकडे धुळ्यातली सगळ्यात हलकी गादी होती आणि धुळ्यातलं सगळ्यात जड नाव. अर्धा शेर त्या नावावर तसाच होता.

दुसरा हिवाळाही असाच गेला. मग शेठाणींच्या घरी लग्न निघालं. वीस गाद्या फुलवायच्या. आणि त्यांनी मलाच बोलावलं. मी चकित. शेठाणी तोंडावर म्हणाल्या, "नवा पिंजारी किती नेतो ते माहीत नाही. तू अर्धा शेर नेतोस. तेवढं धरून चालू."

राखणीला पुन्हा माजी. पुन्हा या कुशीवर, त्या कुशीवर. पण या वेळी मी बघत होतो कुठं टेकतं ते. म्हातारी नजर ठेवण्यासाठी हलत नव्हती. तिचं कमरेचं हाड पाटावर टेकत होतं.

दुपारी घरातल्या बाया जेवायला आत गेल्या. माजी हळूच म्हणाल्या, "हसन, त्या मास्तराच्या गादीचं गल्लीत सगळे बोलतात. खरंच इतकी पातळ होते?"

"होते, माजी."

"चटईखाली घातली तर वरून दिसेल?"

मी पिंजण खाली ठेवलं. म्हटलं, तुमचा नेम?

"नेम गादीचा आहे," माजी म्हणाल्या. "ती गादी आहे का? तूच सांग, तुझा धंदा आहे."

"नाही, माजी. उशी नाही, पायाखाली काही नाही. त्याला कोण गादी म्हणेल?"

त्यांनी मान हलवली. मग उठल्या, आत त्यांच्या पेटीजवळ गेल्या आणि जुन्या ओढणीचं एक गाठोडं आणून माझ्या हातात दिलं. मी सोडलं नाही. सोडायची गरज नव्हती. पंचवीस वर्षं कापूस तोलणारा हात आहे. अर्धा शेर.

"तू पाणी प्यायला जायचास तेव्हा थोडा थोडा," माजी म्हणाल्या. "कमरेखाली घेईन म्हटलं. नुसता गोळा होतो. टाकायला जागा नाही, वापरायला हिंमत नाही."

मला राग आला. खोटं कशाला सांगू. म्हटलं, "माजी, माझे दोन हिवाळे गेले."

"माहीत आहे. गल्लीत तुझी तात वाजायची नाही, त्या दिवशी कंबर जास्त दुखायची."

"मग बोलल्या का नाहीत?"

"लोक पाया पडतात रे," त्या म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. "आळ तुझ्यावर आला, आता मालही तूच ने."

म्हटलं, आज असू द्या तुमच्या पेटीतच, उद्या नेतो. घरी येऊन रागातच सावर झोडली. फडकं बांधलेलं होतं तरी डोळ्यांतून पाणी आलं. माजींच्या मापाची लहानशी गादी शिवली, कमरेपुरती. दुसऱ्या दिवशी ती पोटाला गुंडाळून, वर सदरा घालून नेली. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाच्या घरात कापूस चोरून आत नेला. माजींनी ती चटईखाली सरकवली, वर बसल्या, आणि हलल्या नाहीत. बराच वेळ हलल्या नाहीत. मला वाटलं गेल्या की काय. तर डोळे मिटून बसलेल्या.

संध्याकाळी निघताना त्यांचा अर्धा शेर मी पोटाला बांधला. पिंजण खांद्यावर घेतलं, दारात आलो, आणि समोर शेठाणी.

"थांब. सकाळी आलास तेव्हापण पोट असंच होतं. आजारी आहेस का?"

"लग्नघरचं जेवण आहे, शेठाणी."

"सकाळी जेवण नव्हतं झालेलं." शेठाणी पुढे आल्या. "सदरा वर कर."

बंडीच्या काठातून कापसाचा एक धागा बाहेर आलेला मलाच दिसत होता. सांगितलं तर म्हातारीचे इतक्या वर्षांचे नमस्कार जातात, नाही सांगितलं तर मी जातो, आणि या वेळी मालासकट. हात सदऱ्याला लावला, तोच ओट्यावरून आवाज आला.

"सूनबाई! राखणीला मी बसलेय की तू? सकाळपासून माझा डोळा लवला नाही. त्यानं काही नेलं नाही. जाऊ दे त्याला."

शेठाणींनी माजींकडे बघितलं. माजी या वेळी फरशीकडे बघत नव्हत्या, सुनेकडे बघत होत्या. शेठाणी बाजूला झाल्या.

ज्या दिवशी मी काही नेलं नाही त्या दिवशी चोर ठरलो, आणि ज्या दिवशी अर्धा शेर पोटाला बांधून नेला त्या दिवशी साव. पुढच्या आठवड्यात गल्लीत दारं उघडली. शेठाणी सगळ्यांना सांगत होत्या, "हसन सुधारला." मी प्रामाणिक होतो असं कुणीच म्हटलं नाही. सुधारलेला चोर म्हणून मला जास्त काम मिळालं, ते मी केलं. त्या अर्ध्या शेराची उशी केली. बायको म्हणाली, चला, उशी आली एकदाची घरात. मला तिच्यावर अजून नीट झोप लागत नाही.

माजी पाच वर्षांपूर्वी गेल्या. मी गेलो होतो. त्यांचं सामान दानाला काढलं होतं, त्यात चटईही होती. मी हळूच उचलून बघितली. खाली काही नव्हतं. ती सावर कुणाला सापडली, तिचं काय केलं, विचारणार कसं? एवढ्या दिवसांनी हे सांगतोय तेसुद्धा बरं करतोय की नाही, माझ्या सुनेला शंका आहे. पण माजींचा नेम मोडला नव्हता, हे पिंजारी म्हणून मी कुठंही सांगेन.

शेठजी दोन वर्षांपूर्वी वारले. शेठाणींनी सासूसारखाच नेम घेतला. बायका आता त्यांच्या पाया पडतात. मी गल्लीतून जातो तेव्हा त्या ओट्यावर चटई टाकून बसलेल्या असतात. एवढी वजनदार बाई, एवढी कडक फरशी. पण तासभर बसल्या तरी कूस बदलत नाहीत. मला संशय आहे.

त्या हे वाचत असतील, तर एवढंच सांगतो. शेठाणी, सावर आठ-दहा वर्षांत बसते, मग हाड टेकायला लागतं. भरून द्यायला मी आहे. फक्त राखणीला कुणाला बसवू नका.